वीज आली, उजेड नाही : औद्योगिक विसर्जन दिव्यांच्या पुनःप्रज्वलनाचा इतिहास

सारांश

विसर्जन दिव्यांचा इतिहास सामान्यतः प्रकाशक्षमतेच्या, म्हणजे एका वॅटमागे मिळणाऱ्या ल्यूमेनच्या, चढत्या आकड्यांतून सांगितला जातो. वीजपुरवठा क्षणभर खंडित झाल्यानंतर हे दिवे पुन्हा पेटण्यासाठी जी मिनिटे घेतात, त्यांना त्या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. विसाव्या शतकात कारखान्यातील दिव्यांची प्रकाशक्षमता ज्या गुणामुळे वाढली, त्याच गुणामुळे ही प्रतीक्षाही निर्माण झाली, हे प्रस्तुत निबंधात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. या प्रतीक्षेवर शोधले गेलेले उपाय, कायद्याने तिची घेतलेली दखल, महाराष्ट्रातील भारनियमनाच्या काळात तिला आलेले स्वरूप आणि 2013 मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे तिचे जगाला घडलेले दर्शन यांचा येथे क्रमाने परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : विसर्जन दिवा, पुनःप्रज्वलन, प्रकाशक्षमता, भारनियमन, औद्योगिक सुरक्षितता

1. प्रस्तावना

‘वीज आली’ या शब्दांचा अर्थ आपल्याकडे ‘उजेड आला’ असाच घेतला जातो. घरातील दिव्यांच्या बाबतीत तो खराही आहे. पिवळ्या बल्बची तार वीज मिळताच तापते आणि ट्यूबलाइट दोन-चार वेळा लुकलुकून लागते. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या दिव्यांखाली जगभरातील कारखान्यांच्या रात्रपाळ्या चालल्या, त्यांच्या बाबतीत हे समीकरण लागू पडत नव्हते. पाऱ्याच्या बाष्पाचे आणि मेटल हॅलाइडचे दिवे एकदा विझले की वीज लगेच परत आली तरी लागत नसत. ते आधी निवत, मग पेटत आणि त्यानंतर काही मिनिटांनी पूर्ण तेजाला पोहोचत. पुरवठा सेकंदाच्या एका लहानशा अंशापुरता तुटला तरी शेडमध्ये दहा-पंधरा मिनिटे अंधार राहू शकत असे.

तप्त अवस्थेत विझलेला दिवा पुन्हा पेटण्याच्या क्रियेला येथे ‘पुनःप्रज्वलन’ म्हटले आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या वेळेला ‘पुनःप्रज्वलन काल’. हा विषय वरकरणी केवळ विद्युत अभियांत्रिकीचा वाटतो. तथापि दिवा कोणत्या निकषावर निवडला गेला, त्या निकषात काय मोजले गेले, काय मोजायचे राहिले आणि न मोजलेल्या गोष्टीची किंमत कोणी दिली, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. त्या दृष्टीनेच पुढील विवेचन केले आहे.

2. गिरणीतला उजेड आणि कामाचे तास

कृत्रिम प्रकाश हा कारखान्याच्या इतिहासात नेहमीच कामाच्या तासांशी जोडलेला विषय राहिला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणीचा दिवस ढोबळमानाने सूर्याच्या दिवसाएवढा असे. उन्हाळ्यात तो लांबे, हिवाळ्यात आखूड होई. 1905 च्या सुमारास अनेक गिरण्यांत विजेचे दिवे बसविले गेले आणि कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत ताणले गेले. त्याविरुद्ध वृत्तपत्रांतून टीका झाली. 1906 मध्ये फ्रीअर-स्मिथ समिती आणि 1908 मध्ये कारखाना कामगार आयोग यांनी या प्रश्नाची चौकशी केली. अखेर 1911 च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुष कामगारांच्या कामाला दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली.

या प्रसंगातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, दिवा ही कारखान्यातील तटस्थ वस्तू नसते. ती कामाचा आकार ठरवते. दुसरी गोष्ट प्रस्तुत विषयाला अधिक जवळची आहे. त्या काळी गिरणीची यंत्रे वाफेच्या इंजिनावर चालत. उजेड आणि गती यांचे स्रोत वेगळे होते. 1915 मध्ये खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली आणि गिरण्यांची यंत्रेही हळूहळू बाहेरून आलेल्या विजेवर फिरू लागली. यंत्र आणि दिवा असे एकाच तारेवर आले. यापुढे पुरवठा तुटला की दोन्ही एकाच क्षणी थांबणार होते. ती परत आल्यावर मात्र दोन्ही एकाच क्षणी सुरू होतील, याची शाश्वती पुढे आलेल्या दिव्यांनी ठेवली नाही.

3. हाताने कलंडवायचा दिवा

मुंबईत तासांचा हा वाद पेटण्याच्या थोडे आधी, 1901 मध्ये, अमेरिकेत पीटर कूपर ह्युइट यांनी पाऱ्याच्या बाष्पाच्या दिव्याचे पेटंट मिळवले. पुढील वर्षी जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या पाठबळाने त्यांनी या दिव्यांची कंपनी स्थापन केली. हा दिवा म्हणजे काचेची एक लांब नळी असे आणि तिच्या टोकाला थोडा पारा असे. दिवा लावायचा म्हणजे नळी हाताने कलंडवायची. पाऱ्याची धार नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचे, ती तुटताना ठिणगी पडे आणि बाष्पातून विद्युत प्रवाह वाहू लागे. तारेला तापवून नव्हे, तर वायूतून किंवा बाष्पातून प्रवाह नेऊन प्रकाश मिळविण्याच्या या क्रियेला विद्युत विसर्जन म्हणतात. ‘विसर्जन दिवा’ हे नाव त्यावरूनच पडले.

या दिव्याच्या प्रकाशात तांबड्या रंगाचा जवळजवळ अभाव होता. माणसांचे चेहरे त्याखाली निळसर-हिरवे, प्रेतवत दिसत. त्यामुळे घरांनी त्याला नाकारले. परंतु यंत्रशाळा, नकाशे काढण्याच्या खोल्या आणि छायाचित्रणाचे स्टुडिओ यांना रंगाची मातब्बरी नव्हती. त्यांना कमी विजेत भरपूर प्रकाश हवा होता, आणि तत्कालीन कार्बन-तंतूच्या बल्बपेक्षा हा दिवा त्या बाबतीत पुष्कळ पुढे होता.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या पहिल्या औद्योगिक विसर्जन दिव्याची एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. त्याच्या नळीतील दाब अत्यल्प होता. दिवा विझला तर नळी पुन्हा कलंडवून तो पुन्हा लावता येई. पुढे हे काम आपोआप करणारी साधनेही आली. विसर्जन दिवा म्हटला की प्रतीक्षा आलीच, असे त्या वेळी नव्हते. ती प्रतीक्षा सुधारणेबरोबर आली.

4. दाब वाढला, प्रतीक्षा आली

बाष्पाचा दाब वाढविला तर लहानशा नळीतून अधिक व अधिक पांढरा प्रकाश मिळतो, हे संशोधकांच्या लवकरच ध्यानात आले. मात्र साधी काच ते तापमान सोसू शकत नव्हती. जर्मनीत हानाऊ येथील हेरेउस कंपनीत रिचर्ड क्युख यांनी क्वार्ट्झ वितळवून त्याच्या नळ्या घडविण्याचे तंत्र सिद्ध केले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात क्वार्ट्झच्या नळीतील पाऱ्याचा दिवा बाजारात आला. सर्वसाधारण प्रकाशासाठी उच्च दाबाचा दिवा स्थिरावण्यास मात्र 1932 साल उजाडावे लागले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये जीईसी कंपनीने वेम्बली येथील रस्त्यावर 400 वॅटचे असे दिवे उभारले. त्याच वर्षी नेदरलँड्समधील बेक ते खेलेन या रस्त्यावर कमी दाबाच्या सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश पडला. सोडियमचा हा दिवा रस्त्यांपुरता राहिला. कारखान्यांनी उचलला तो पाऱ्याचा दिवा.

त्याची कारणे सरळ होती. तापदीप्त बल्ब एका वॅटमागे साधारण पंधरा ल्यूमेन देत असताना हा दिवा चाळीसच्या आसपास देत होता. त्याचे आयुष्यही मोठे होते. ओतकाम, पोलादकाम किंवा यंत्रजोडणी यांच्या शेडचे छत उंच असते. तिथे दिवा बदलायचा म्हणजे शिडी, क्रेन आणि काम थांबविणे आले. त्यामुळे थोड्या ठिकाणी, जास्त शक्तीचे आणि दीर्घकाळ टिकणारे दिवे हे कारखानदाराला सर्वार्थाने सोयीचे वाटले.

या सोयीत एक धोका दडलेला होता. पूर्वी जे काम वीस-पंचवीस बल्ब करीत, ते आता चार-पाच दिवे करू लागले. उजेड मोजक्या बिंदूंवर एकवटला आणि ते सर्व बिंदू एकाच प्रकारचे होते. एक विझण्याचे कारण घडले की तेच कारण सर्वांना लागू होई, आणि विझल्यावर सर्वांना सारखेच थांबावे लागे.

5. प्रतीक्षेचे भौतिक कारण

हे थांबणे का घडते, हे समजून घेतल्याशिवाय पुढील इतिहासाचा अर्थ लागणार नाही. थंड दिव्याच्या आतील नळीत थोडा अरगॉन वायू आणि पाऱ्याचा थेंब असतो. वायूचा दाब कमी असल्याने काहीशे व्होल्टपर्यंतचा दाब आणि मुख्य इलेक्ट्रोडशेजारचा सहायक इलेक्ट्रोड यांच्या साहाय्याने प्रवाह सुरू होतो. उष्णतेने पारा उकळू लागतो. चार-सहा मिनिटांत तो सर्व बाष्परूप होतो, आतील दाब वातावरणाच्या दाबाहून कितीतरी वाढतो आणि दिवा पूर्ण तेजाने जळू लागतो. बाहेर लावलेला चोक प्रवाहाला मर्यादेत ठेवतो.

आता पुरवठा क्षणभर तुटला असे समजा. नळीतील विद्युतभारित कण सेकंदाच्या काही हजारांश भागात नाहीसे होतात आणि ज्योत विझते. परंतु बाष्प तसेच तप्त आणि दाट राहते. 1889 मध्ये फ्रीड्रिख पाशेन यांनी मांडलेल्या नियमानुसार वायूतून ठिणगी पडण्यासाठी लागणारा विद्युत दाब हा वायूचा दाब आणि दोन इलेक्ट्रोडमधील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. अंतर तेच आहे, वायूचा दाब मात्र शेकडो पटींनी वाढला आहे. अशा नळीत तत्काळ ज्योत निर्माण करायची तर हजारो व्होल्ट लागतात, आणि तारेत 230 व्होल्टच असतात. म्हणून वीज दारात उभी असूनही आत शिरू शकत नाही. नळी निवून पारा पुन्हा थेंबरूप होईपर्यंत वाट पाहणे एवढेच उरते.

सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या दिव्याला यासाठी तीन ते सात मिनिटे लागतात. त्यानंतर पुन्हा तापून पूर्ण प्रकाश देण्याची मिनिटे वेगळी. यात आणखी दोन गोष्टी भर घालतात. धूळ व ओल यांपासून संरक्षणासाठी दिवा बंदिस्त आवरणात असेल, तर तो सावकाश निवतो. आणि पत्र्याच्या छताखालील हवा आधीच तापलेली असेल, तर त्याहूनही सावकाश. दिव्याचे रक्षण करणारे आवरण अंधार लांबवते, असा हा विचित्र हिशेब आहे. शिवाय सर्व दिवे एकाच क्षणी पेटत नाहीत. प्रत्येक नळीचे वय आणि तापमान वेगळे असल्याने ते एकेक करून जागे होतात.

दिवा विझण्यासाठी पुरवठा पूर्ण तुटण्याचीही गरज नसते. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते. दूरच्या वाहिनीवर वीज कोसळली, किंवा शेजारची मोठी मोटार सुरू झाली आणि काही आवर्तनांपुरता दाब खूप खाली गेला, तरी साध्या चोकवरचा दिवा विझू शकतो. एवढ्या अवधीत घरातील बल्ब फक्त एकदा मंदावतो आणि वजनदार यंत्र आपल्या वेगाच्या जोरावर फिरतच राहते. म्हणजे उजेड गेलेला आणि यंत्र चालू, अशी स्थिती येऊ शकते. कामगाराच्या दृष्टीने संपूर्ण वीज जाण्यापेक्षा ही स्थिती अधिक धोक्याची आहे.

6. 1960 नंतरचे दिवे

1960 चे दशक विसर्जन दिव्यांच्या इतिहासातील सुवर्णकाळ मानले जाते. पाऱ्यात धातूंचे हॅलाइड क्षार मिसळले तर प्रकाशाचा रंग सुधारतो, ही कल्पना चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी 1912 मध्येच पेटंटद्वारे मांडली होती. ती व्यवहारात आणली जीई कंपनीतील गिल्बर्ट रायलिंग यांनी. त्यांनी 1961 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात मेटल हॅलाइड दिवे लोकांनी पाहिले. याच कंपनीत रॉबर्ट कोबल यांनी प्रकाश पार जाऊ देणारे अ‍ॅल्युमिनाचे सिरॅमिक बनविले होते. तप्त सोडियम क्वार्ट्झला खाऊन टाकतो, या सिरॅमिकला मात्र नाही. त्यातून उच्च दाबाचा सोडियम दिवा तयार झाला आणि 1965 पासून तो विकला जाऊ लागला.

हे दोन दिवे पुनःप्रज्वलनाच्या दृष्टीने परस्परविरुद्ध टोकांना आहेत. सोडियम दिव्यातील एकूण दाब तुलनेने कमी असतो आणि त्याला पेटविण्यासाठी इग्निटर सुमारे तीन-चार हजार व्होल्टचे ठोके देत असतो. त्यामुळे तो साधारण मिनिटभरात पुन्हा पेट घेतो. उलट पारंपरिक मेटल हॅलाइड दिवा दहा ते वीस मिनिटे घेतो. पण सोडियमच्या सोनेरी-पिवळ्या प्रकाशात रंग ओळखता येत नाहीत. जिथे रंग महत्त्वाचा, म्हणजे छपाई, वस्त्रोद्योग, रंगकाम, मालाची तपासणी आणि दूरचित्रवाणीसाठी उजळविलेली क्रीडांगणे, तिथे मेटल हॅलाइडच निवडला गेला. एका वॅटमागे सत्तर ते शंभर ल्यूमेन आणि दिवसासारखा रंग, हा सौदा नाकारण्यासारखा नव्हता. त्याची किंमत मिनिटांत द्यावी लागणार होती, आणि मिनिटांचा रकाना किमतीच्या तुलनापत्रकात नव्हता.

7. उपाय आणि नियम

अभियंते या अडचणीविषयी अनभिज्ञ होते असे मुळीच नाही. त्यांनी शोधलेले उपाय दोन प्रकारांत विभागता येतात. पहिला प्रकार दिव्यालाच बदलण्याचा. तप्त नळीत ज्योत पाडण्यासाठी वीस हजारांपासून साठ हजार व्होल्टपर्यंतचे ठोके देणारे इग्निटर बनविले गेले. त्यांच्यासाठी दोन्ही टोकांना जोडणी असलेले दिवे, विशेष होल्डर आणि जाड निरोधन असलेल्या तारा लागत. चित्रपटांचे दिवे आणि निवडक क्रीडांगणे यांना हा खर्च परवडला, सामान्य कारखान्याला नाही. सोडियमच्या दिव्यात एकाऐवजी दोन नळ्या बसविण्याची युक्ती त्या मानाने साधी होती. एक जळत असते, दुसरी थंड असते. पुरवठा परतला की थंड नळी लगेच पेटते.

दुसरा प्रकार दिवा आहे तसा स्वीकारून त्याभोवतीची व्यवस्था बदलण्याचा. दिव्याच्या आवरणातच एक लहान हॅलोजन बल्ब बसवायचा आणि मुख्य दिवा पूर्ण तेजाला येईपर्यंत रिलेने तो लावून ठेवायचा. उंच दिव्यांच्या रांगांत काही ट्यूबलाइट मिसळायच्या. शेडमधील दिवे तिन्ही फेजवर वाटून द्यायचे, म्हणजे एका फेजवरील बिघाडाने सर्व काळोख होत नाही. शिवाय दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे फिरते यंत्र थांबल्यासारखे दिसण्याचा धोकाही त्याने कमी होतो. यांपैकी शेवटच्या उपायाला जवळजवळ काही खर्च नाही. फक्त वायरिंग करतानाच त्याचा विचार झालेला असावा लागतो.

कायद्याने या प्रश्नाकडे कसे पाहिले, हे अधिक उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये 1941 साली, युद्धकाळातील अंधारकोठडीसारख्या झाकलेल्या कारखान्यांच्या पार्श्वभूमीवर, कारखान्यातील प्रकाशाचे नियम झाले. त्यांनी जमिनीपासून 3 फूट उंचीवर किमान 6 फूट-कँडल प्रकाशाचे प्रमाण ठरवून दिले. भारतातील 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 17 ने कामगार जिथे काम करतात किंवा ये-जा करतात, अशा प्रत्येक भागात पुरेसा व योग्य प्रकाश असावा, असे बंधन घातले. दोन्ही तरतुदी मोलाच्या आहेत. पण दोन्हींचे माप स्थळाचे आहे, काळाचे नाही. प्रकाश कुठे आणि किती असावा हे त्यांनी सांगितले. तो गेल्यास किती वेळात परत यावा, हे या मोजमापात आले नाही.

या संदर्भात अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेतील 700 वा अनुच्छेद उल्लेखनीय ठरतो. आणीबाणीच्या वेळी पर्यायी वीज दहा सेकंदांत मिळावी, असे तो सांगतो. एवढ्यावर तो थांबत नाही. जिथे नेहमीचा प्रकाश केवळ उच्च तीव्रतेच्या विसर्जन दिव्यांतून मिळतो, तिथे तो प्रकाश पूर्ववत होईपर्यंत आणीबाणीचे दिवे चालू राहिले पाहिजेत, अशी अट तो घालतो. वीज पूर्ववत होणे आणि प्रकाश पूर्ववत होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे नियमाच्या भाषेत मान्य झाल्याचे हे स्पष्ट उदाहरण आहे. या एका ओळीचे महत्त्व पुढील विभागात ध्यानात येईल.

8. भारनियमनाच्या काळातील महाराष्ट्र

पाश्चात्त्य देशांत पुरवठा खंडित होणे हा अपवाद होता. महाराष्ट्रात 2005 नंतरची काही वर्षे तो वेळापत्रकाचा भाग बनला. जून 2005 मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. त्याच सुमारास मागणी आणि उपलब्धता यांतील तफावत वाढत जाऊन भारनियमन हा शब्द घरोघरी पोहोचला. औद्योगिक वसाहतींना आठवड्यातील ठरावीक दिवशी सुटी घेऊन मागणी विभागावी लागे. 2006 मध्ये पुण्यात उद्योगांच्या स्वतःच्या वीजनिर्मिती संचांचा उपयोग करून शहराला भारनियमनातून सोडविण्याचा प्रयोग झाला. तो ‘पुणे मॉडेल’ या नावाने ओळखला गेला.

या काळात जनरेटर हा कारखान्याचा अविभाज्य घटक बनला. अंधारावरचा तो उपाय होता. पण विसर्जन दिव्यांच्या बाबतीत तो उपायच नव्या अंधाराचे कारण ठरत होता. वीज जाते, दिवे विझतात. पंधरा-वीस सेकंदांत जनरेटर भार उचलतो, यंत्रांना वीज मिळते, पण तप्त दिवे पेटत नाहीत. ते पेटून स्थिरावतात तोवर कदाचित मुख्य पुरवठा परत आलेला असतो. जनरेटरवरून मुख्य पुरवठ्यावर येण्यासाठी साधा चेंजओव्हर स्विच असेल, तर तो फिरवताना पुन्हा क्षणाचा खंड पडतो आणि नुकतेच उजळलेले दिवे पुन्हा विझतात. एका भारनियमनामागे अंधार एकदा नव्हे, दोनदा येतो.

याचा एक साधा हिशेब मांडता येईल. आठ तासांच्या रात्रपाळीत दोनदा वीज गेली, आणि प्रत्येक अंधार केवळ दहा मिनिटांचा धरला, तर चार वेळा मिळून चाळीस मिनिटे होतात. म्हणजे पाळीचा बारावा भाग. या चाळीस मिनिटांत कधी जनरेटरवरून, तर कधी मुख्य पुरवठ्यावरून यंत्रांना वीज मिळत असते. विजेच्या नोंदवहीत ही मिनिटे ‘पुरवठा चालू’ म्हणूनच नोंदली जाणार. उत्पादनाच्या नोंदीत ती कामगाराची संथ गती म्हणून उमटणार. अंधार म्हणून ती कुठेच उमटत नाहीत. आणि ज्याला मंद, वाढत्या उजेडात यंत्रासमोर उभे राहून ‘आता सुरू करावे की थांबावे’ हे ठरवायचे असते, त्याच्यासमोर थांबण्याचा अधिकार देणारा कोणताही नियम नसतो. अमेरिकी संहितेतील त्या एका ओळीची उणीव इथे जाणवते.

पुरवठा परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ नये, यासाठी मोटारींच्या स्टार्टरमध्ये वीज जाताच खटका सोडणारी व्यवस्था फार पूर्वीपासून असते. यंत्राने माणसाच्या परवानगीशिवाय चालू होऊ नये, हे तत्त्व अभियांत्रिकीने स्वीकारले होते. पुरेशा उजेडाशिवायही त्याने चालू होऊ नये, ही तितकीच साधी गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी कामगाराच्या विवेकावर सोडलेली राहिली.

9. न्यू ऑर्लिन्स, 2013

कारखान्याच्या शेडमधील हा अनुभव जगापुढे आला तो एका खेळाच्या निमित्ताने. 3 फेब्रुवारी 2013 रोजी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथील सुपरडोम या छतबंद क्रीडांगणात अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, चालू होता. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात क्रीडांगणातील जवळजवळ निम्मे दिवे गेले. क्रीडांगणाच्या पुरवठ्याचे रक्षण करण्यासाठी काही आठवड्यांपूर्वीच बसविलेल्या एका रिलेमुळे पुरवठा तुटल्याचे पुढे उघड झाले. खेळ 34 मिनिटे थांबला.

वीज परत मिळाल्यानंतरही मेटल हॅलाइडचे दिवे तत्काळ लागले नाहीत. ते निवून पुन्हा पेटण्याची आणि टप्प्याटप्प्याने उजळण्याची वाट खेळाडू, प्रेक्षक आणि दूरचित्रवाणीसमोर बसलेले कोट्यवधी लोक पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी विसर्जन दिवे असे का वागतात, याची स्पष्टीकरणे छापली. रायलिंग यांच्या अर्जाला तोवर अर्धशतक उलटून गेले होते. ज्या गुणधर्माशी कारखान्यातील रात्रपाळीचा कामगार इतका काळ परिचित होता, तो बातमीचा विषय व्हायला जाहिरातीचा प्रत्येक सेकंद मोजून विकला जाणारा कार्यक्रम थांबावा लागला. मिनिटांना किंमत असते, ही गोष्ट ती मिनिटे कोणाची आहेत यावर ठरते, असा निष्कर्ष यातून काढला तर तो अनाठायी ठरू नये.

दोन वर्षांनी, 2015 चा सुपर बोल प्रथमच एलईडी दिव्यांखाली खेळला गेला.

10. समारोप

एलईडीमध्ये तापवायचे बाष्प नसते आणि निववायची नळीही नसते. वीज आली की तो क्षणात उजळतो. भारतात 2015 मध्ये पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यानंतर रस्त्यांवरील सोडियम दिवे मोठ्या प्रमाणावर हटले. 2013 मध्ये स्वीकारलेल्या आणि 2017 मध्ये अमलात आलेल्या मिनामाता करारानेही सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या उच्च दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यांच्या निर्मितीस 2020 ही मुदत घालून दिली. तो निर्णय पाऱ्याच्या विषारीपणामुळे झाला, प्रतीक्षेमुळे नव्हे. जाता जाता एक प्रतीक्षाही संपली, एवढेच.

या इतिहासातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, पुनःप्रज्वलनाची अडचण हा दिव्याचा अपघाती दोष नव्हता. ज्या दाबाने प्रकाशक्षमता वाढविली, त्याच दाबाने प्रतीक्षा निर्माण केली. दुसरा, जे मोजले जाते तेच सुधारते. प्रति वॅट ल्यूमेन हा आकडा कारखानदाराला बिलात दिसत होता, म्हणून तो शंभर वर्षे चढत राहिला. अंधाराची मिनिटे कोणाच्याच हिशेबात दिसत नव्हती, म्हणून त्यांवरचे उपाय माहीत असूनही बहुतांश शेडमध्ये ते पोहोचले नाहीत. तिसरा, या उणिवेची भरपाई शेवटी कामगाराने आपल्या वेळेने, सावधगिरीने आणि काही वेळा शरीराने केली.

एलईडीने प्रतीक्षा संपविली, अंधार संपविलेला नाही. पुरवठा तुटला की तोही विझतो, आणि फिरते यंत्र तेव्हाही लगेच थांबत नाही. म्हणून बॅटरीवरील आणीबाणीचे दिवे, फेजवरील विभागणी आणि ‘उजेड पुरेसा होईपर्यंत यंत्र सुरू करू नये’ असा लेखी नियम यांची गरज कमी झालेली नाही. नवा दिवा निवडताना त्याच्या वेष्टनावरील आकड्याबरोबर, तो आकडा कोणता प्रश्न विचारत नाही, हेही पाहिले जावे. विसर्जन दिव्यांच्या शतकभराच्या इतिहासाने दिलेला धडा हाच आहे.